पंप पॅनेलच्या बोर्डवर ग्राउंड कसा ओढायचा? जीएसएम बोललं की करंटचं रीडिंग उड्या मारतंय

निपाणी_पॅनेल

नमस्कार मंडळी. उसाच्या पाण्याची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचा बोर्ड किकॅड ८ मध्ये (पीसीबी काढायचं सॉफ्टवेअर) काढलाय. रात्री दोनला थ्री फेज आली तर बॅटरी घेऊन मळ्यात जावं लागू नये, एवढंच त्याचं काम.

दोन लेअर, १०० बाय ८० मिमी, १ औंस कॉपर. १२ व्होल्ट अ‍ॅडॉप्टर, त्यावरून एलएम२५९६ रेग्युलेटरने ४ व्होल्ट, त्यावर सिम८००एल हे जीएसएम (मोबाइल नेटवर्कचं) मॉड्यूल. त्याच ४ व्होल्टवरून एएमएस१११७ रेग्युलेटरने ३.३ व्होल्ट आणि त्यावर एसटीएम३२एफ१०३सी८ मायक्रोकंट्रोलर. यूएलएन२००३ ड्रायव्हर आयसीवर दोन रिले, एक स्टार्टसाठी, एक स्टॉपसाठी. तीन फेजचे तीन सीटी (करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर) बोर्डवरच आहेत. प्रत्येकाला बर्डन रेझिस्टर, आणि १० के-१० के च्या डिव्हायडरने मध्यावर बायस, त्यावर १० मायक्रोफॅरड.

अडचणी दोन. मॉड्यूल नेटवर्कशी बोलायला लागलं की सीटीचं रीडिंग ६० ते ७० काउंट उडतं, मोटर बंद असली तरी. आणि स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटताना मधूनच मायक्रो रीसेट होतो.

ग्राउंड फ्रीराउटिंगने (आपोआप ट्रॅक ओढणारं सॉफ्टवेअर) ओढलाय, ०.२५ मिमीचा ट्रॅक, या पॅडवरून त्या पॅडवर असा माळेसारखा. तो तसाच ठेवून वरून कॉपर पोर टाकून बघितला, तर चार-पाच तुकडे सुटे पडले आणि डीआरसीत (किकॅडच्या नियम-तपासणीत) थर्मल रिलीफ, म्हणजे पॅड पोरला बारीक आऱ्यांनी जोडणं, अपुरं असल्याच्या तीन चुका आल्या. आता विचारायचं हे की ग्राउंडचा ट्रॅकच जाड करू की पोरच नीट करू? अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड वेगळे काढावेत का? आणि त्या थर्मलच्या चुकांचं काय करायचं?

टिळकवाडी_लेआउट

आधी हिशेब मांडूया, म्हणजे ट्रॅक की पोर हा प्रश्न आपोआप सुटतो.

१ औंस कॉपर म्हणजे ३५ मायक्रॉन. त्याच्या एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम. चौकोन लहान असो की मोठा, लांबी-रुंदी सारखी असली की तेवढाच. ०.२५ मिमी रुंद ट्रॅक १५ मिमी गेला की ६० चौकोन झाले, म्हणजे ३० मिलिओहम. सिम८०० ट्रान्समिट करताना २ अँपिअरपर्यंत खेचतं. ३० मिलिओहमवर २ अँपिअर म्हणजे ६० मिलिव्होल्ट. तुमच्या १२ बिट एडीसीचा (मायक्रोमधला व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एक काउंट ३.३ भागिले ४०९६, म्हणजे ०.८ मिलिव्होल्ट. ६० भागिले ०.८ म्हणजे ७५ काउंट. तुम्ही सांगता ६० ते ७०. म्हणजे सीटीचा ग्राउंड आणि जीएसएमचा ग्राउंड कुठेतरी दीडेक सेंटीमीटर एकाच बारीक ट्रॅकवरून चाललेत, एवढं पुरे आहे. बोर्ड उघडून शोधा, सापडेल.

आता ट्रॅक जाड करून बघा. २ मिमी रुंद, १०० मिमी लांब म्हणजे ५० चौकोन, २५ मिलिओहम, म्हणजे पुन्हा ५० मिलिव्होल्ट. तेच १०० बाय ८० चा सलग पोर घेतला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा चौकोन. भोकं, व्हाया (दोन लेअर जोडणारी तांब्याची भोकं), अरुंद जागा धरून दोन-चार मिलिओहम म्हणा. म्हणून पोर.

पण पोर टाकला म्हणजे झालं असं नाही. (इथे नवीन असलेल्यांसाठी: पोर म्हणजे लेकरू नव्हे, तांब्याची पसरट भरणी.) तुम्ही सगळे ट्रॅक ओढून झाल्यावर उरलेल्या जागेत तांबं ओतलंय. त्या उरलेल्या जागेत ग्राउंड जेमतेम जोडला गेला असेल, पण करंट परत कुठून जाणार हे तुम्ही ठरवलेलंच नाही. उलट करायचं. ग्राउंड पहिला मांडायचा, आणि बाकीचे ट्रॅक त्याला न चिरता न्यायचे.

आणखी एक. डीसी आणि कमी फ्रिक्वेन्सीचा करंट सगळ्या तांब्यात पसरून जातो, पण वेगवान सिग्नलचा परतीचा करंट त्या ट्रॅकच्या बरोबर खालून जातो. खालच्या लेअरवर तुम्ही एखादा ट्रॅक ७० मिमी आडवा नेला की पोरमध्ये ७० मिमीची चीर पडली. वरून त्या चिरेवरून जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलला परत येताना चिरेच्या टोकाला वळसा घालावा लागतो. स्क्रीनवर पोर भरगच्च दिसतो, पण ग्राउंड फाटलेला असतो.

उद्यमबाग_टेक

वरचा हिशेब बरोबर आहे, पण नवा बोर्ड मागवायच्या आधी जुन्यावर दहा मिनिटांची एक चाचणी करा. ६०-७० काउंटची उडी दोन वाटांनी येऊ शकते आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

जीएसएमचा बर्स्ट ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो आणि तो दर ४.६१५ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे सेकंदाला २१७ वेळा. करंटचा धक्का ग्राउंडमधून आला तरी रीडिंगमध्ये २१७ हर्ट्झ दिसणार, आणि अँटेनातला ९०० मेगाहर्ट्झचा रेडिओ एडीसीच्या पिनवर शिरून तिथल्या जंक्शनवर डिटेक्ट झाला तरी २१७ च दिसणार. स्कोपवर दोन्ही सारखेच.

म्हणून घरच्या वायरिंगची २.५ स्क्वेअरची तांब्याची तार घ्या, दहा सेंटीमीटर. एक टोक मॉड्यूलच्या जीएनडी (ग्राउंड) पिनवर, दुसरं एलएम२५९६ च्या आउटपुट कपॅसिटरच्या निगेटिव्हवर, दोन्हीकडे नीट सोल्डर करा. मग कॉल लावा. उडी एकदम खाली आली तर दोष ग्राउंडच्या सामाईक वाटेचा. काहीच फरक पडला नाही तर रेडिओ. तेव्हा एडीसी पिनच्या अगदी मुळाशी ३३ पिकोफॅरड लावायचा आणि अँटेनाची वायर सीटीपासून लांब न्यायची.

सीटीच्या पुढे आरसी फिल्टर लावून हे जाणार नाही, हेही सांगून ठेवतो. तुम्हाला ५० हर्ट्झ मोजायचंय, त्याचा चौथा हार्मोनिक २०० आणि पाचवा २५०. २१७ बरोबर त्यांच्या मधे बसतं. ते गाळायला गेलात तर फेज सरकेल आणि हार्मोनिकही जातील. मुळात येऊच द्यायचं नाही.

मोठा कपॅसिटर लावून सुटका होईल असं वाटत असेल तर तेही मोजा. २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण १.१५ मिलिकूलंब. एकट्या १००० मायक्रोफॅरडमधून काढले तर तो १.१५ व्होल्टने खाली बसतो. सिम८०० ला ३.४ च्या खाली चालत नाही, तुमच्याकडे ४ आहेत, म्हणजे वाव फक्त ०.६ चा. तेव्हा कपॅसिटर हवाच, लो ईएसआर (आतला रोध कमी) हवा, मॉड्यूलच्या पिनांजवळ हवा, पण उरलेला करंट रेग्युलेटरकडूनच येणार आणि त्याची जाण्या-येण्याची वाट जाडच लागणार.

निपाणी_पॅनेल

तार लावली. ६५ च्या आसपासची उडी १४-१५ वर आली. म्हणजे ग्राउंडच होता. उरलेले १४-१५ रेडिओचे समजायचे का?

पोर पहिला मांडायचा म्हणजे किकॅडमध्ये नेमकं कसं? सगळं मोडून परत करायची तयारी आहे.

टिळकवाडी_लेआउट

सगळं मोडू नका, ग्राउंड तेवढा मोडा. कुठल्याही जीएनडी ट्रॅकवर राइट क्लिक, सिलेक्ट, त्या नेटचे (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचे) सगळे ट्रॅक, डिलीट. आता पांढऱ्या रॅट्सनेस्टचं (अजून न जोडलेले पॅड दाखवणाऱ्या रेघांचं) जाळं दिसेल, त्यात काही सुचत नाही. उजवीकडच्या अपिअरन्स पॅनेलमध्ये नेट्सच्या टॅबवर जीएनडीवर राइट क्लिक करून त्याचं रॅट्सनेस्ट लपवा. डोकं शांत होतं.

मग प्लेसमेंट. यात अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. १२ व्होल्टचं टर्मिनल एका कोपऱ्यात, त्याला चिकटून एलएम२५९६, त्याला चिकटून जीएसएम. म्हणजे २ अँपिअर ज्या वाटेने जातात आणि परत येतात ती वाट चार सेंटीमीटरमध्ये संपते. सीटी, बायस आणि मायक्रो बोर्डच्या दुसऱ्या बाजूला. कसोटी अशी: मॉड्यूलच्या जीएनडी पिनपासून रेग्युलेटरच्या कपॅसिटरपर्यंत मनात सरळ रेघ काढा. त्या रेघेच्या आसपास सीटीचा एकही भाग नको. असेल तर सलग पोर असूनसुद्धा थोडं शिरणारच.

एलएम२५९६ चं कुटुंब फोडू नका. इनपुट कपॅसिटर, पिन १, पिन २, शॉटकी डायोड आणि पिन ३ हा जो फेरा आहे त्यात करंट दीड लाख वेळा सेकंदाला तुटतो-जोडतो. डायोडचा अ‍ॅनोड, इनपुट कपॅसिटरचा निगेटिव्ह आणि आयसीचा जीएनडी वरच्याच लेअरवर तांब्याच्या एका लहान पट्टीत एकत्र आणा, आणि मग त्या पट्टीतून सहा-आठ व्हायांनी खाली उतरा. तिन्ही जागी स्वतंत्र व्हाया टाकून खालच्या पोरवर भेटवलंत तर स्विचिंगचा सगळा करंट सगळ्यांच्या ग्राउंडमधून फिरेल. फीडबॅकचा पिन ४ आउटपुट कपॅसिटरवरून घ्यायचा आणि त्याचा ट्रॅक इंडक्टरच्या खालून न्यायचा नाही.

आता झोन, म्हणजे किकॅडमधला पोर. फिल्ड झोन काढायचं साधन घ्या, खिडकीत एफ.सीयू (वरचं तांबं) आणि बी.सीयू (खालचं) दोन्हीला टिक, नेट जीएनडी, क्लिअरन्स ०.३, कमीत कमी रुंदी ०.२५. बाह्यरेखा बोर्डच्या जरा बाहेरून काढली तरी चालते, किकॅड कडेपासूनचं अंतर राखून ती स्वतःच कापतो. कीबोर्डवर बी दाबलं की भरलं. इथपर्यंत एकही सिग्नल ट्रॅक नाही, नुसता तांब्याचा पत्रा.

यानंतर प्रत्येक एसएमडी जीएनडी पॅडच्या शेजारी एक व्हाया, ०.३ भोक, ०.६ बाहेरचा व्यास. पॅडपासून व्हायापर्यंत ०.५ मिमी रुंद, एक मिमीहून लांब नको. वरच्या पोरला पॅड जोडलेलाच आहे, मग व्हाया कशाला, असं वाटेल. पण वरचा पोर सिग्नलांनी पुढे फाटणारच, खालचा टिकणार. एका व्हायाचा रोध सव्वा ते दीड मिलिओहम असतो, म्हणून जीएसएमच्या जीएनडीला आणि १००० मायक्रोफॅरडच्या निगेटिव्हला प्रत्येकी चार-पाच द्या. डिकपलिंगच्या १०० नॅनोफॅरडना प्रत्येकाची स्वतःची व्हाया. दोन कपॅसिटरांनी एक वाटून घ्यायची कंजूषी नको.

मग सिग्नल. एक्सने ट्रॅक सुरू करा, होता होईल तेवढं वरच राहा. अडलंच तर व्हीने खाली उतरा, जो आडवा आला त्याच्या खालून जा आणि लगेच वर या. खालची उडी १० मिमीच्या आत. दोन-तीन उड्या शेजारी-शेजारी आल्या तर त्यांच्यामधून तांबं वाहू शकेल एवढी फट ठेवा, नाहीतर तीन छोट्या चिरा मिळून एक मोठी होते. दर पाच-सहा ट्रॅकनंतर बी दाबायचं, आणि वरचा लेअर लपवून नुसता खालचा बघायचा. हे बघणं चुकवू नका. ऑटोराउटर वापरायचाच असेल तर झोन, ग्राउंड व्हाया, पॉवरचे आणि सीटीचे ट्रॅक हाताने काढून लॉक करा. उरलेलं बटणं-एलईडी त्याला द्या. त्याला बिचाऱ्याला करंट कळत नाही, फक्त जोडणं कळतं.

सुटे तुकडे पडतात त्याचं: झोनच्या गुणधर्मांत बेटं काढून टाकायचा पर्याय 'नेहमी' वर असतो, तो तसाच ठेवा. पण बेट काढलं गेलं म्हणजे त्यातल्या पॅडचा ग्राउंडही गेला. तिथे एक व्हाया टाकली की बेट बेट राहत नाही. 'कधीच नाही' वर ठेवलंत तर सुटं तांबं तसंच राहतं आणि तुमच्या बोर्डवर तर शेजारीच जीएसएमची अँटेना आहे.

थर्मलची चूक: झोनला पॅडशी जोडायला किमान दोन आरे लागतात, तुमच्या पॅडला एकच मिळालाय. बहुतेक वेळा पॅडला घासून गेलेला एखादा ट्रॅक बाकीच्या बाजूंचे आरे कापतो. नियमात दोनाचा एक करून चूक गप्प करू नका. तो ट्रॅक अर्धा मिमी सरकवा, नाहीतर थर्मलची फट ०.५ वरून ०.३ करा. जड करंटच्या पॅडना, म्हणजे एलएम२५९६ चा टॅब, डायोड, जीएसएमचे जीएनडी, यांच्या पॅड गुणधर्मात जाऊन झोनशी जोडणी सॉलिड करा.

खानापूर_सोल्डर

सॉलिडबद्दल एक टीप. एसएमडी पॅडला सॉलिड ठीक आहे. स्क्रू टर्मिनल आणि आरपार पायांच्या मोठ्या कपॅसिटरला दोन्ही लेअरवर सॉलिड दिलंत की २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तो पाय तापतच नाही. टिन वर गोळा होऊन बसतं, खाली भोकात उतरत नाही. बाहेरून चकचकीत, आतून कोरडं. तिथे चार आरे, प्रत्येकी १ मिमी रुंद, एवढं दिलं तरी २ अँपिअरला पुष्कळ झालं.

आणि एएमएस१११७ चा टॅब! सगळ्या टॅबना ग्राउंड समजून व्हाया टोचायची सवय लागते. एलएम२५९६ चा टॅब ग्राउंड आहे, १११७ चा टॅब आउटपुट आहे. तो जीएनडीवर टेकला तर ३.३ व्होल्ट थेट शॉर्ट. सिम्बॉलमध्ये बरोबर असेल तर डीआरसी पकडेल, पण फूटप्रिंट (बोर्डवरची पॅडांची मांडणी) कुठून तरी उचललेलं असेल तर टॅबचा नंबर तपासा.

टिळकवाडी_लेआउट

बरं झालं १११७ चं काढलंत. निपाणीवाले अण्णा, तुमचे उरलेले १४-१५ काउंट रेडिओचे नाहीत असं मला वाटतंय.

एएमएस१११७ ला स्वतःसाठी १.१ ते १.३ व्होल्ट लागतात. तुम्ही त्याला ४ देताय आणि ३.३ मागताय, मध्ये फक्त ०.७. म्हणजे तो रेग्युलेट करतच नाहीये. मीटर लावून बघा, ३.३ च्या जागी २.९ च्या आसपास दिसेल. आणि ४ व्होल्ट बर्स्टबरोबर जेवढे हलतात, तेवढे ते २.९ हलतात.

आता रीडिंग का उडतं बघा. या ४८ पायांच्या चिपमध्ये एडीसीचा संदर्भ म्हणजे पिन ९, व्हीडीडीए. तो बर्स्टला २० मिलिव्होल्ट बसला. पण बायसवर १० मायक्रोफॅरड आहे आणि मागे १० के-१० के म्हणजे ५ के, एकूण ५० मिलिसेकंदांचा कालांक. बर्स्ट अर्ध्या मिलिसेकंदाचा, बायस जागचा हलतच नाही. संदर्भ खाली गेला, सिग्नल तिथेच राहिला, म्हणून काउंट वर गेला. २०४८ गुणिले २० भागिले २९००, म्हणजे १४. तुमचा आकडा.

१११७ काढून एमसीपी१७०० चा ३.३ वाला लावा. ५० मिलिअँपिअरला त्याला तीस-चाळीस मिलिव्होल्ट पुरतात. मात्र इनपुटला ६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणून तो ४ व्होल्टवरच ठेवायचा, १२ वर नाही. पायांचा क्रम वेगळा आहे, १११७ च्या जागी तसाच बसणार नाही. शिवाय पिन ९ च्या वाटेत एक फेराइट बीड (गोंगाट अडवणारा मणी), आणि पिन ८ ते ९ मध्ये १ मायक्रो आणि १०० नॅनो, दोन्ही पिनांना टेकून.

अ‍ॅनालॉग-डिजिटल ग्राउंड वेगळं काढायचं का, तर नाही. तुमच्या बोर्डला नको. पोर मधोमध कापला की कापावरून जाणारे ट्रॅक अडचणीत येतात, आणि मायक्रोचे व्हीएसएस आणि व्हीएसएसए (डिजिटल आणि अ‍ॅनालॉग ग्राउंडच्या पिना) एकाच व्होल्टेजवर असावे लागतात. एकच सलग जीएनडी ठेवा आणि गोंगाट करणारे भाग जागेने वेगळे ठेवा.

तरीही कुणाला सर्किटमध्ये एजीएनडी (अ‍ॅनालॉग ग्राउंड) हे नाव वेगळं ठेवायचंच असेल तर नेट-टाय वापरा. डिव्हाइस लायब्ररीत त्याचं सिम्बॉल आहे, फूटप्रिंटही आहे, आणि तो एका ठरावीक जागी दोन नेट जोडतो. नेट-टाय विसरलात तर किकॅडच्या दृष्टीने ते दोन वेगळे नेट आहेत. रॅट्सनेस्ट दाखवणार नाही, डीआरसी शून्य चुका म्हणेल, आणि बोर्ड तयार होऊन आल्यावर कळेल की सगळा अ‍ॅनालॉग भाग हवेत लटकतोय.

उद्यमबाग_टेक

रीसेटचं राहिलं की. त्यात ग्राउंडचा वाटा आहे, पण मूळ बोर्डच्या बाहेर आहे.

साध्या १२ व्होल्टच्या साखरखड्याएवढ्या रिलेची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते. तेवढ्याने मायक्रो पडत नाही. यूएलएन२००३ ची पिन ९, म्हणजे कॉमन, १२ व्होल्टला जोडली आहे ना तेवढं बघा, ती सुटी राहिली तर आतले डायोड काहीच करत नाहीत. पिन ८ चा ग्राउंड १२ व्होल्टच्या कपॅसिटरकडे जाताना मायक्रोच्या खालून जाऊ नये, म्हणून रिले पण टर्मिनलच्या बाजूलाच.

खरा झटका येतो तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा. ती तुटताना रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि तिचा दणका हवेतून आणि वायरींतून सगळीकडे जातो. उपाय कॉइलच्या दोन टोकांवर, कॉन्टॅक्टरपाशीच लावायचा. २३० ची कॉइल असेल तर ०.१ मायक्रोचा २७५ व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर आणि सिरीजला १०० ओहम. शेतीच्या स्टार्टरमध्ये बहुतेक ४१५ ची कॉइल असते, तिथे २७५ चा एक्स२ अजिबात नको. त्या व्होल्टेजचा तयार सप्रेसर कॉन्टॅक्टरवर बसणारा मिळतो, तोच घ्या.

बोर्डवर काय करायचं: रिलेच्या कॉन्टॅक्टची बाजू आणि जीएनडीचा पोर यांत किमान ८ मिमी. पोर स्वतःहून तेवढा लांब राहत नाही, तो तुमच्या ०.३ क्लिअरन्सने अगदी मेनच्या ट्रॅकपर्यंत जाऊन भिडतो. डीआरसी काही म्हणत नाही, कारण ०.३ पाळलेलं असतं! त्यासाठी रूल एरिया काढा, दोन्ही लेअरला टिक, झोन भरायला मनाई. रिलेच्या पोटाखाली, कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या मधे, २ मिमीची खाच एज कट्सवर (बोर्डची कड आखायचा लेअर) काढून बोर्ड कापूनच घ्या. आमच्याकडे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीची काळी धूळ बसते, तिच्यात लोखंडाचा चुरा आणि कोळशाची पूड असते, ती वीज वाहते. खानापूरकडे पावसाळ्यात बोर्डला घाम फुटतो. धूळ-ओलीने पृष्ठभागावरची आठ मिमी वाट खराब होते, खाच असली तर तिला पूल बांधता येत नाही.

माउंटिंगच्या भोकांना जीएनडी जोडू नका, चारही सुटी ठेवा आणि भोवती ३ मिमी पोर नको. पत्र्याच्या पेटीला चार ठिकाणी ग्राउंड टेकला की पेटीतला गळतीचा करंट तुमच्या पोरमधून फिरायला लागतो.

वडगाव_माग

धागा वाचतोय. मागाच्या तुटलेल्या धाग्याच्या सेन्सरसाठी एकेरी बाजूचा बोर्ड लागतो, घरीच फेरिक क्लोराइडमध्ये काढायचा. खाली दुसरा लेअरच नाही, मग ग्राउंड पहिला मांडायचा कसा?

खानापूर_सोल्डर

मांडायचा तसाच, फक्त उड्या तांब्याच्या ऐवजी तारेने मारायच्या. किकॅडमध्ये ट्रॅक सगळे बी.सीयूवर, एफ.सीयूवर फक्त सरळ जंपर. नियम एवढाच की जंपर सिग्नलला द्यायचा, ग्राउंडला नाही. रेझिस्टर पण उडी मारायलाच असतात, त्यांच्या पोटाखालून दोन ट्रॅक आरामात जातात, म्हणून ते उभे न लावता आडवे लावा.

पोर फाटणारच, त्याला इलाज नाही. तेव्हा फणीसारखा विचार करा. पॉवर कपॅसिटरच्या निगेटिव्हपासून ३ मिमी रुंद कणा, त्याला दात. मोटर, रिले, सोलेनॉइड यांचा दात कपॅसिटरपासून वेगळाच निघायला हवा. सेन्सर आणि मायक्रोचा वेगळा. बोर्डच्या कडेने ग्राउंडचं पूर्ण कडं करू नका, एका जागी तोडा. बंद कडं म्हणजे एका वेढ्याची कॉइल, शेजारच्या मोटरीचं चुंबकीय क्षेत्र त्यात करंट उभा करतं.

इस्त्रीने टोनर उतरवणार असाल तर झोनचा क्लिअरन्स ०.५ ठेवा, ०.३ ला टोनर पसरून चिकटतो. पॅड २ मिमी, भोक ०.८. पोर जास्त ठेवल्याचा एक आयता फायदा आहे, तांबं कमी खायचं असल्याने फेरिक क्लोराइड जास्त बोर्डांना पुरतं. नक्षी लवकर होते, त्यामुळे बारीक ट्रॅकखाली आम्ल शिरून ते कुरतडले जाण्याची भीतीही कमी.

निपाणी_पॅनेल

मीटर लावला, ३.३ च्या जागी २.९४. टिळकवाडीवाले दादा, बरोबर पकडलंत. एमसीपी१७०० मागवतो.

प्लेसमेंट बदलली. खालच्या लेअरवर आता सात उड्या आहेत, सगळ्यात लांब ९ मिमी. एक शंका: जीएसएम मॉड्यूलचा लहान बोर्ड हेडरवर बसतो, त्याच्या पोटाखाली पोर ठेवायचा का?

टिळकवाडी_लेआउट

ठेवा. फक्त अँटेनाची स्प्रिंग किंवा पीसीबी अँटेना असेल तर तिच्याखाली आणि भोवती दोन्ही लेअरवर पोर नको, तो कोपरा बोर्डच्या कडेला आणा. वायरची अँटेना बाहेर पेटीवर नेणार असाल तर हा प्रश्नच नाही, आणि पत्र्याच्या पेटीत ती बाहेरच न्यावी लागेल.

गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला पाठवायच्या फाइली) काढताना एक बघा. शेवटचा ट्रॅक हलवल्यावर बी दाबायचं राहून जातं आणि जुनाच पोर गर्बरमध्ये जातो. प्लॉटच्या खिडकीत प्लॉट करण्याआधी झोन तपासायचा चौकोन आहे, त्याला टिक ठेवा. आणि जीएनडीचं लपवलेलं रॅट्सनेस्ट परत चालू करून खाली न जोडलेले शून्य दिसतात का ते बघूनच फाइल पाठवा. लपवलेलं तसंच राहिलं तर एखादा सुटलेला पॅड डोळ्यांना दिसत नाही.

निपाणी_पॅनेल

चालू केलं. दोन सुटलेले निघाले, दोन्ही सीटीच्या बर्डनचे. व्हाया टाकल्या, आता शून्य. रूल एरिया आणि खाच काढून उद्या पाठवतो.